साखरपुड्याला न पोचलेल्या बापाचा खुलासा

मु. मांडवा, ता. अलिबाग
शुक्रवार, चहानंतर

श्री. देवरावजी ढोमणे आणि सौ. कमळताई यांस,

मांडव्याहून चंदर विठोबा नाखवा याचा नमस्कार. खरं तर साष्टांग घालायला हवा, पण माझा डावा गुडघा दुमडत नाही, तेव्हा खुर्चीत बसून जेवढं वाकता येईल तेवढा वाकलो आहे असं समजावं. आपली साखर आटोक्यात असेल (आमची मंडळी जनी शेजारणीला सांगत होती की साखरपुड्याच्या दिवशीही आपण पेढा अर्धाच खाल्लात आणि उरलेला अर्धा कमळताईंनी आपल्यासमोर खाल्ला). नागपूरच्या उन्हाच्या बातम्या इथे रोज वाचतो. कांदा खिशात ठेवून बाहेर पडत चला. चि. केतन यास आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे मी ठीक आहे. जनीही ठीक आहे, फक्त ती ते मला सांगत नाही, कारण माझ्याशी बोलत नाही.

आता मुद्द्यावर येतो. (मी मुद्द्यावर येईपर्यंत भरती जाऊन ओहोटी लागते, असं जनीचं मत आहे.) सतरा दिवसांपूर्वी आपल्या घरी माझ्या मुलीचा, चि. सौ. कां. भाविकाचा, आपल्या केतनशी साखरपुडा झाला आणि मुलीचा बाप तिथे नव्हता. बाप मुद्दाम आला नाही, असा भाविकाचा पक्का समज झाला आहे. तिने मला आधीच फोनवर बजावलं होतं, ‘बाबा, साखरपुड्याला आला नाहीत तर लग्नालाही येऊ नका.’ आणि ती बोलल्याप्रमाणे वागणारी मुलगी आहे. हा गुण तिने माझ्याकडून घेतला. लग्न दहा मे रोजी आहे. सतरा दिवसांत तिने माझा एकही फोन उचललेला नाही. म्हणून हा खुलासा आपल्याकडे पाठवतो. ती आपल्याच गावात नोकरी करते, रविवारी आपल्याकडे जेवते आणि आपलं ऐकते. माझी बाजू आपल्या तोंडून तिच्यापर्यंत जावी, एवढंच या पत्राचं काम. ते होणार याबद्दल मला शंका नाही, कारण माझी बाजू अत्यंत भक्कम आहे.

खुलासा करणाऱ्याने आधी स्वतःचे हात दाखवावेत. म्हणून सांगून टाकतो: जानेवारीत आपण उभयता मांडव्याला येणार होतात, तेव्हा मला ताप नव्हता. आणि फेब्रुवारीत मी नागपूरला यायचं ठरलं, तेव्हा ‘समुद्र खवळला आहे, लाँच बंद आहेत’ असं जे कळवलं, तेही खरं नव्हतं. फेब्रुवारीत आमचा समुद्र परातीतल्या पाण्यासारखा असतो. शिवाय मांडव्याहून मुंबईला चांगला डांबरी रस्ता जातो, तो आपण नकाशात पाहिला नाहीत हा आपला मोठेपणा. आपण उलट ‘काळजी घ्या, पाण्यात जाऊ नका’ असा निरोप धाडलात. तो वाचून मला इतकी लाज वाटली की मी दोन दिवस जेवलो नाही (नाश्ता करत होतो).

मुलाला माझा विरोध नव्हता. मुलगा गुणी आहे, उंच आहे, बोलायला गोड आहे. पण डिसेंबरात भाविका त्याला पहिल्यांदा घरी घेऊन आली, तेव्हा जनीने त्याच्यासाठी सकाळीच धक्क्यावर जाऊन सरंगा आणला, तळला, आणि ताट पुढे ठेवल्यावर आपल्या चिरंजीवांनी हात जोडले आणि वरणभात मागितला. देवरावजी, कोळ्याच्या घरी वरण! जनी तीन घरं फिरून डाळ मागून आली आणि तिसऱ्या घराने विचारलं, कोण आजारी आहे? तेव्हापासून माझ्या मनात आढी बसली. मुलगी आता अशा घरात जाणार, जिथे मी पाहुणा म्हणून गेलो तर काय घेऊन जाऊ, हे मला कळेना. माणसाने लेकीच्या सासरी काय भोपळा घेऊन जायचा? त्याच तिरीमिरीत शिमग्याला, पेटलेल्या होळीसमोर, सगळ्या कोळीवाड्याच्या देखत बोलून गेलो की त्या साखरपुड्याला मी पाऊल टाकणार नाही. हे आपल्यापर्यंत पोचलं असेलच. भाविकापर्यंत ते होळी विझायच्या आत पोचलं. तिचा तो बजावणीचा फोन त्याच आठवड्यातला.

तो फोन ठेवला आणि मी बदललो, हे कृपा करून लिहून ठेवा. दुसऱ्याच दिवशी अलिबागला जाऊन विमानाचं तिकीट काढलं. जनी आठ दिवस आधी रेल्वेने पुढे आलीच होती. मी विमानाने निघालो, कारण मला एकही चूक करायची नव्हती (आणि मुलीचा बाप विमानातून उतरला हे आपल्या चार पाहुण्यांना कळलं असतं, तर माझी हरकत नव्हती). बॅगेत सोडे नाहीत, बोंबील नाहीत, जवळ्याची चिमूट नाही. त्रेसष्ट वर्षांत मी मांडवा असा कधी सोडला नव्हता. फक्त एक अबोलीची वेणी होती, ओल्या फडक्यात गुंडाळलेली, भाविकाच्या केसांसाठी. अबोली नागपुरात मिळते की नाही ठाऊक नव्हतं. विमान दुपारी साडेबाराचं, साखरपुडा संध्याकाळी सहाचा. मी पहिल्या बोटीने गेटवेला, तिथून टॅक्सीने विमानतळावर, आणि सव्वानऊला आत. प्रवाशाने वेळेत यावं असा नियम आहे. मी तीन तास आधी होतो. हा मुद्दा क्रमांक एक.

पुढचं कळायला मी काय काम करत होतो ते सांगावं लागेल. जनीने तिकडे ‘आमचे हे जहाजावर होते’ असं सांगितलं असेल तर ते तिचं प्रेम आहे. मी मांडव्याच्या धक्क्यावर, गेटवेला जाणाऱ्या लाँचच्या फळीवर एकतीस वर्षं उभा होतो. धक्का आणि लाँच यांच्यामध्ये लाकडाची फळी टाकतात. तिच्या तोंडाशी उभं राहायचं, माणसं मोजून आत सोडायची आणि लाँच भरली की हात आडवा करायचा. तिकीट असो, ओळख असो, हात आडवा म्हणजे आडवा. या हाताने मी आमदाराचा मेहुणा अडवला आहे, वरातीतला नवरदेव अडवला आहे (नवरी पुढे गेली होती, तो पुढच्या लाँचने गेला, संसार उत्तम चालला आहे). थोडक्यात, माणसाला चढू न देणं या विषयात रायगड जिल्ह्यात माझ्याइतका अनुभव कुणाला नाही. आमच्या लाँचवर एक जुनी रीत होती. कधी माणसांची यादी करायची वेळ आली, बिघडलेल्या लाँचमधून दुसरीत माणसं हलवायची असली, तर यादी करणाऱ्याने सगळ्यांत वर स्वतःचं नाव लिहायचं. म्हणजे काही बरंवाईट झालं तर जाब कुणाला विचारायचा ते पहिल्या ओळीतच कळतं. एकतीस वर्षांत मी स्वतःचं नाव वर न लिहिता एकही यादी केली नाही. ही रीत ध्यानात ठेवा, ती पुढे लागणार आहे.

विमानतळावर खिडकीपाशी मला जो कागद दिला त्यावर सगळं होतं, फक्त आसनाचा क्रमांक नव्हता. विचारलं तर म्हणाले, गेटवर मिळेल. मला वाटलं, वयस्कर माणूस पाहून चांगली जागा राखून ठेवली असेल. कंपनीचं नाव मी या पत्रात लिहीत नाही. त्यांनी माझं नाव त्यांच्या विमानातून काढलं, मी त्यांचं माझ्या पत्रातून काढलं, फिटंफाट. झालं असं की नागपूरचं मोठं विमान आजारी पडलं आणि त्याच्या जागी धाकटं आलं. धाकट्यात सात माणसं मावत नव्हती. गेटवर एक मुलगी उभी होती, अरिबा नावाची, असेल चोवीस-पंचवीसची. ती भोंग्यावरून इंग्रजीत आणि हिंदीत सांगत होती की सात प्रवाशांनी स्वखुशीने उद्या सकाळच्या विमानाने जावं, कंपनी हॉटेल देईल, फुकट तिकिटाचं कूपन देईल. कुणी जागचं हलत नव्हतं. उलट सगळे तिच्यावर ओरडत होते. एक गृहस्थ तर तिला विमानाची लांबी विचारत होते.

आता नियम असा आहे, देवरावजी (मी सात पानं छापून घेतली आहेत, लाल रेघा मारल्या आहेत), की जागा कमी पडल्या तर कंपनीने आधी स्वखुशीने थांबणारे शोधायचे. ते पुरेसे मिळाले नाहीत तरच कुणाला सक्तीने थांबवायचं. आणि ज्याला सक्तीने थांबवलं, तो वेळेत आलेला असेल आणि त्याचं तिकीट पक्कं असेल, तर त्याला दुसरं विमान द्यायचं, ते तासाभरात देता आलं नाही तर भरपाईही द्यायची. स्वखुशीने थांबला त्याला मात्र जे ठरलं तेवढंच. म्हणजे सगळी मदार ‘स्वखुशी’ या एका शब्दावर. हे सगळं मला आता ठाऊक आहे. त्या दिवशी मला एवढंच दिसत होतं की एक पोर चुकीच्या पद्धतीने माणसं उतरवते आहे.

ते मला बघवलं नाही. मी पुढे गेलो, म्हणालो, पोरी, अशी माणसं उतरत नसतात. ती मराठी ऐकून एकदम वळली. गाव विचारलं तर मुरुड. वडलांचं नाव इसहाक, कुवेतला होते. इसहाकभाई सुट्टी संपवून निघायचे ते माझ्याच लाँचने, त्यांची दोराने बांधलेली पेटी मी कितीदा खांद्यावरून चढवली आहे. मुलगी म्हणाली, “चाचा, अब्बा नेहमी सांगतात, मांडव्याला फळीवर एक उंच माणूस होता म्हणून.” झालं. आता मागे हटणं माझ्या बापालाही जमलं नसतं. तिच्या हातातला कागद आणि पेन मी घेतलं आणि प्रवाशांकडे वळलो.

माणूस उतरवायचं एक तंत्र आहे. ‘कोण उतरतं?’ असं कधी विचारू नये. ‘घाई कुणाला आहे?’ असं विचारावं. घाईवाले हात वर करतात, ओरडतात, पुढे घुसतात. जे हात वर करत नाहीत, ते आपले. त्यांच्यापाशी जाऊन हळू बोलावं. एक नवं जोडपं होतं. त्यांना म्हटलं, एक रात्र हॉटेलात, कंपनीच्या खर्चाने, सासूबाई नागपुरात, तुम्ही मुंबईत. नवरीने नवऱ्याकडे पाहिलंही नाही, बॅगच उचलली. दोन साडू होते, सासुरवाडीच्या वास्तुशांतीला चाललेले, दोघांनाही जायचं नव्हतं आणि दोघेही दुसऱ्याने आधी बोलावं म्हणून थांबले होते. एक औषध कंपनीचा माणूस, त्याने साहेबाला फोन करून ‘विमानाने अन्याय केला’ असं आनंदाने कळवलं. एक कॉलेजची मुलगी, तिची परीक्षा परवा होती आणि तिला अभ्यासाला एक दिवस हवाच होता. पंधरा मिनिटांत सहा. यादी मी माझ्या हाताने लिहिली, खाली सही केली, कागद अरिबाच्या हातात दिला, तिने नावं मोजली आणि भोंग्यावर जाहीर केलं की सात पूर्ण झाले, बाकीच्यांनी चढावं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

देवरावजी, आपल्या लक्षात आलं असेल. माझ्या तेव्हा आलं नाही. मी रांगेच्या शेवटी उभा राहून म्हाताऱ्याकोताऱ्यांना पुढे सोडत होतो. माझी पाळी आली, कागद यंत्राखाली धरला, आणि यंत्र लाल झालं. अरिबाने पडद्यावर पाहिलं, मग यादीवर पाहिलं, मग माझ्याकडे. यादीत सर्वांत वर, ठळक अक्षरांत, क्रमांक एक: चंदर विठोबा नाखवा. तिने मोजलेल्या सातांपैकी पहिला मी होतो. “चाचा,” ती म्हणाली, “मला वाटलं तुम्ही स्वतःपासूनच सुरुवात केली. किती भले माणूस, म्हणून मी आत सगळ्यांना सांगून आले.” माझी जागा तोवर विमानाच्या लांबीची चौकशी करणाऱ्या गृहस्थांना गेली होती. आणि नवं जोडपं, साडू, औषधवाला, परीक्षावाली, सगळे खिडकीशी बसून माझ्याकडे आदराने बघत होते.

मग मी आवाज चढवला. गेटवरचे साहेब आले, परेश नावाचे, टाय लावलेले. त्यांना मी रायगडी भाषेत समजावलं की मी स्वखुशीने उतरलेलो नाही, मला उतरवलेलं आहे, आणि माझ्या मुलीचा संध्याकाळी साखरपुडा आहे. ते शांतपणे म्हणाले, यादी कुणाच्या हातची? मी म्हटलं, माझ्या. पहिलं नाव कुणाचं? माझं. खाली सही कुणाची? ती यादी करणाऱ्याची आहे, म्हणालो. ते म्हणाले, म्हणजे आपलीच. मी त्यांना लाँचवरची रीत सांगितली, सविस्तर सांगितली, दोन उदाहरणं देऊन सांगितली. उदाहरणं संपली तेव्हा विमान धावपट्टीवर होतं. दुसरं विमान सकाळचं. रेल्वेने निघालो असतो तरी साखरपुडा होऊन भांडी घासून झाली असती. फोन केला तर जनीने उचलला, मी म्हटलं, विमानाने घेतलं नाही. मागे सनई की काहीतरी चालू होतं. ती एवढंच म्हणाली, “आता इमान बी खवळला काय?” आणि फोन बंद केला. पुढे भाविका, केतन, आपण, कुणीही उचलला नाही. खोटी कारणं मी दोन दिली होती, तिसऱ्यांदा खरं कारण घेऊन आलो तर घ्यायला कुणी दारातच नव्हतं. मी हॉटेलात न जाता दुसऱ्या दिवशी मांडव्याला परत आलो, कारण झालेल्या साखरपुड्याला कोण जातं?

त्या दिवसापासून माझा लढा चालू आहे. मला भरपाईचा रुपया नको, हे मी कंपनीला तीन ईमेलांत कळवलं आहे. मला फक्त एक कागद हवा आहे, शिक्क्यानिशी: हा माणूस वेळेत आला होता, त्याचं तिकीट पक्कं होतं, आणि त्याला त्याच्या इच्छेविरुद्ध चढू दिलं नाही. बस. तो कागद मी भाविकाला दाखवला की विषय संपला. कंपनीचं उत्तर तिन्ही वेळा एकच: ‘आमच्या नोंदीनुसार आपण स्वखुशीने आपली जागा दिलीत, या उदारपणाबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत, सोबत फुकट प्रवासाचं कूपन.’ त्या कूपनाला मी हात लावलेला नाही. खाली बारीक अक्षरात छापलं आहे की वापरलं की सर्व तक्रारी संपल्या. म्हणजे ते वापरणं म्हणजे ‘होय, मी आपल्या मर्जीने उतरलो’ असं लिहून देणं. किहीमला बंगला असलेले एक वकीलसाहेब माझे जुने प्रवासी आहेत. ते म्हणाले, नाखवा, सही आहे म्हणून प्रकरण अवघड आहे, पण रीतीचा मुद्दा नवीन आहे, ग्राहक आयोगापुढे दोन वर्षांत काहीतरी होईल. मी म्हटलं, दोन तर दोन. कूपन मी फ्रेम करून भिंतीवर लावणार आहे, पण वापरणार नाही. नाखवा मोडेल पण त्यांच्या विमानात बसणार नाही.

जनी साखरपुड्यानंतर चार दिवसांनी परत आली आणि तेव्हापासून घरात मासा शिजलेला नाही. रोज वरण. काही बोलत नाही, फक्त वाढते. काल मी विचारलं, हे किती दिवस? तर म्हणाली, “तुमाला जायाचाच न्हवता, मना म्हाईत हाय. आता नागपूर हितं आलाय, जेवा.” परत आल्यापासून एवढंच काय ते बोलली. मी वरण जेवतो. (लसणाची फोडणी बरी लागते. हे केतनला सांगू नये.)

शिक्क्याचा कागद मिळाला नाही, पण दुसरा मिळाला आहे. परवा अरिबा सुट्टीवर मुरुडला जाताना मांडव्याला उतरली आणि घर शोधत आली. तिने साध्या कागदावर, स्वतःच्या हाताने, खरं काय झालं ते लिहून दिलं आहे. कंपनीला कळलं तर तिला त्रास होईल, म्हणून वाचून झाल्यावर तो कागद चुलीत घालावा. त्यात तिने लिहिलं आहे की चाचा सव्वानऊला आले, भेटेल त्याला मुलीचा फोटो दाखवत होते, हातात अबोलीची वेणी होती आणि ती ते संध्याकाळपर्यंत मांडीवर घेऊन बसले होते, फडकं वाळलं की नळावर जाऊन ओलं करून आणत होते. हा कागद सोबत जोडला आहे. तो भाविकाला वाचून दाखवावा, मी म्हणतो म्हणून नव्हे, तर साक्षीदार परका आहे म्हणून. एवढं केलंत की ती ऐकेल. मला तिच्या लग्नात कोपऱ्यात उभं केलंत तरी चालेल, पण मला तिथे असायचं आहे. तिच्या डोक्यावर अक्षता पडताना मी मांडव्यात बसून राहिलो, तर एकतीस वर्षांत जेवढी माणसं मी चढवली ती सगळी फुकट गेली असं मला वाटेल.

माझी बाजू ही अशी आहे. तीत कुठे भोक असेल तर कळवावं, पण मला वाटत नाही आहे. कमळताईंना नमस्कार, आपण उरलेला अर्धा पेढा त्यांच्याकडून मागून घ्यावा, आयुष्य थोडं आहे.

आपला होऊ घातलेला व्याही,
चंदर विठोबा नाखवा

ता. क. अरिबाच्या कागदाच्या शेवटी ‘चाचा रडले’ असं एक वाक्य आहे, ते चुकीचं आहे. त्या गेटवर गार हवेचं यंत्र नेमकं माझ्या डोळ्यांवर सोडलेलं होतं. ते वाक्य सोडून वाचावं.

ता. क. २. पाकीट बंद करण्याआधी पत्र जनीच्या हाती लागलं. तिने चष्मा लावून सगळं वाचलं, परत माझ्यासमोर ठेवलं आणि विचारलं, “यादीत वर नाव लिवायचा, ता लाँचीवर. खाली पाणी असतंय म्हून. इमानतळाव कोन बुडनार व्हता?” आणि आत गेली. वकीलसाहेबांनी हा प्रश्न विचारला नाही, कंपनीने विचारला नाही. देवरावजी, आपल्याशी खोटं दोनदा बोललो, तिसऱ्यांदा बोलवत नाही. नाव लिहिताना हात थोडा थांबला होता. सकाळपासून मी मनात वाक्यं जुळवत होतो, भाविकाला समोर पाहून काय म्हणायचं ते, होळीपुढे बोललो त्याचं काय सांगायचं ते. एकही वाक्य धड बसत नव्हतं. आणि तेवढ्यात एक काम मिळालं, जे मला येतं. सवयीने लिहिलं की भीतीने लिहिलं, हे मी आयोगापुढेही शपथेवर सांगू शकणार नाही. चुकलं माझं. हे मात्र शपथेवर.

ता. क. ३. कूपन वापरलं. आत्ताच, फोनवरून. वकीलसाहेबांना कळवलं, ते नाराज आहेत, नवीन मुद्दा वाया गेला म्हणतात. जाऊ दे. कंपनीच्या दप्तरी मी स्वखुशीने उतरलो अशी नोंद राहील, आणि आज ती मला तितकीशी खोटी वाटत नाही. हे पत्र आपल्याला मंगळवारपर्यंत मिळेल. मी गुरुवारी दुपारी दोनला नागपूरच्या विमानतळावर उतरतो. आसनाचा क्रमांक आधीच मागून घेतला आहे, बावीस क. अरिबाचा कागद भाविकाला दाखवू नका. तिला फक्त एवढं सांगा की बाबा येत आहेत आणि या वेळी ते कुणाची यादी करणार नाहीत. ती न्यायला आली तर मला काही वाक्यं जुळवावी लागणार नाहीत, तिला बघितलं की सुचेल. आणि ती नाही आली, तर आपण मला असं सांगा की तिला ऑफिसात ऐन वेळी काम निघालं. मी लगेच खरं मानेन.